उरुग्वेत दोन-तीन वर्षांसाठी जाताय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. कंपनीच्या कामासाठी १८ महिन्यांसाठी म्हणून उरुग्वेच्या राजधानीला, मॉन्टेविडिओला गेले आणि अडीच वर्षं राहिले, २०२२ ते २०२४. परत आल्यापासून दर महिन्याला कोणाच्या तरी मेव्हण्याचा नाहीतर वहिनीच्या मैत्रिणीचा मेसेज येतो, "ताई दोन मिनिटं बोलायचं होतं", आणि ती दोन मिनिटं पाऊण तास चालतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून शेवटी एकदा बसून लिहून काढले. सरकारी नियम बदलत राहतात, त्यामुळे तेवढे जाण्याआधी स्वतः तपासून घ्या, बाकीचं मी भोगलेलं आहे.

१. उरुग्वे म्हणजे नक्की कुठे? पॅराग्वेच्या शेजारी ना?

नाही, पॅराग्वेची हद्द लागतच नाही. वर ब्राझील, पश्चिमेला उरुग्वे नदीपलीकडे अर्जेंटिना, खाली रिओ दे ला प्लाता ही अफाट रुंद नदी आणि अटलांटिक. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त आणि माणसं फक्त ३५ लाख, त्यातली जवळजवळ निम्मी मॉन्टेविडिओ आणि आसपास. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच ९४ लाख होती, म्हणजे विचार करा. गायीगुरं मात्र माणशी तीनच्या वर. आणि एक, सगळे म्हणतात "पृथ्वीच्या बरोब्बर पलीकडे गेलीस", तर तसं नाही, मॉन्टेविडिओच्या बरोब्बर पलीकडे चीन आणि कोरियाच्या मधला समुद्र येतो. आपण पलीकडेही नाही आणि अलीकडेही नाही.

२. मराठी माणूस तिथे जातोच कशाला?

बहुतेक आयटीसाठी. टीसीएसचं तिथे २००२ पासून केंद्र आहे, इतरही कंपन्या आहेत, कारण अमेरिकेच्या दिवसाशी वेळ जुळते. आपला दिवस तिकडच्या क्लायंटसोबत सुरू आणि तिकडच्या क्लायंटसोबत बंद, नाइट शिफ्ट नाही. पुण्यात रात्री अकराचे कॉल घेतलेल्या माणसाला याची किंमत कळते.

३. स्पॅनिश येत नाही, इंग्लिशवर भागेल का?

ऑफिसात भागेल, भाजीवाल्याकडे नाही. अॅपवर शिकून गेलात तरी पहिला महिना काही कळणार नाही, कारण तिथे "ल्ल" आणि "य" चा उच्चार "श" करतात, म्हणजे रस्ता हा "काये" नसून "काशे", मी म्हणजे "यो" नाही तर "शो", पाऊस "शुविया". शिवाय दर वाक्यात "ता" येतं, त्याचा अर्थ ठीक, बरं, कळलं, झालं, पुरे, निघतो आता, यातलं काहीही. आपल्या "बरं" सारखंच आहे ते, सुरावरून ओळखायचं.

अहो-जाहो जवळपास नाहीच. "वोस" म्हणजे अरे-तुरे, आणि ते बॉसलाही आणि ७५ वर्षांच्या घरमालकीणबाईंनाही. मला जीभ वळायला चार महिने लागले. भेटल्यावर आणि निघताना गालाला गाल लावून एक पापा, ऑफिसातही, पुरुष पुरुषांनाही. हात पुढे केलात तर वाटतं तुम्ही रागावलाय.

आणि बसमध्ये फोनवर "काका! काका!" करून ओरडू नका. स्पॅनिशमध्ये काका म्हणजे शी. माझे सख्खे काका ऐकायला कमी आहेत, त्यामुळे मला ओरडावंच लागतं, आणि पुढच्या सीटवरच्या मुलाचं ते हसणं मी अजून विसरले नाही.

४. घरच्यांशी बोलायची वेळ कशी जुळवायची?

भारत साडेआठ तास पुढे. उरुग्वेत आता घड्याळं वर्षातून दोनदा बदलत नाहीत, त्यामुळे एकदा गणित बसलं की बसलं. तिथले सकाळी ९ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच. पण ती ऑफिसची वेळ, म्हणून मी रात्री ९ ला फोन करायचे, तेव्हा आईचे पहाटेचे साडेपाच, चहा उकळत असायचा आणि बोलायला घरात दुसरं कोणी उठलेलं नसायचं. कोल्हापुरात असताना आम्ही एवढं कधीच बोललो नाही.

५. बॅगेत काय न्यायचं?

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर आणि इलेक्ट्रिक कुकर बिनधास्त न्या, नुसती पिन बदलायची. मात्र तिथे एकाच घरात तीन तऱ्हेचे सॉकेट असतात, एक दोन गोल पिनांचा, एक तीन पिना एका ओळीत, एक शुको नावाचा जाडजूड, तेव्हा अॅडाप्टर तिथल्याच हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. प्रेशर कुकरची रिंग आणि शिट्टी जास्तीची न्या. साबुदाणा, तूरडाळ, हिंग, कांदा-लसूण मसाला घरून. मसाले सीलबंद पाकिटात हवेत. ताजी फळं, बिया, दुधाचे पदार्थ, मटणाचं काही बॅगेत घालू नका, देश गुरांवर जगतो, विमानतळावर त्या बाबतीत कडक असतात. आईने तूप दिलं तर घरीच विसरा, लोणी तिथे चांगलं मिळतं, कढवा.

जेट स्प्रे शोधत बसू नका, बऱ्याचशा बाथरूममध्ये बिदे असतो, म्हणजे बसून धुवायचं बेसिन. हा प्रश्न लोक फार आडून आडून विचारतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

६. घर कसं मिळतं? भाडं देतो म्हटल्यावर प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम भाड्याचा नसतो, गारांतीयाचा असतो. म्हणजे तुम्ही भाडं बुडवलंत तर कोण देणार याची हमी. ती विमा कंपनीकडून घेता येते, किंवा पगारातून कापून हमी देणाऱ्या संस्था आहेत, किंवा काही महिन्यांचं भाडं बँकेत डिपॉझिट म्हणून अडकवायचं. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाकडे तिथल्या पगाराच्या स्लिपाच नसतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने फर्निचरवाल्या तात्पुरत्या जागेत राहायचं हे धरूनच चला. कंपनीला जायच्या आधीच विचारा की गारांतीया तुम्ही देताय का. मी विचारलं नव्हतं. मग एका एजंटने मला तीन आठवडे "उद्या" करत झुलवलं आणि फ्लॅट दुसऱ्याला दिला.

भाड्याशिवाय "गास्तोस कोमुनेस" वेगळे, म्हणजे सोसायटीचा मेन्टेनन्स, आणि तो कधीकधी भाड्याच्या पाव असतो. जाहिरातीतला आकडा बघून खूश होऊ नका.

आता महत्त्वाचं. घर उत्तरेकडे तोंड असलेलं घ्या. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेची खिडकी म्हणजे हिवाळ्यात ऊन, आणि दक्षिणेची म्हणजे ओल, बुरशी आणि चार महिने न वाळणारे कपडे. मी दक्षिणेचा घेतला कारण तो स्वस्त होता, आणि स्वस्त का होता ते जूनमध्ये कळलं. (पुढे प्रश्न १३.)

७. सेदुला म्हणजे काय आणि तिच्याशिवाय काय अडतं?

सेदुला म्हणजे तिथलं आधार. अडतं सगळंच, बँक, मोबाइल प्लॅन, दवाखाना, औषधाच्या दुकानातसुद्धा आधी नंबर विचारतात. रेसिडेन्सीचा अर्ज केला की "अर्ज चालू आहे" अशी सेदुला मिळते आणि तिच्यावर कामही करता येतं, बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलासुद्धा.

भारतातून जन्मदाखला आणि पोलिसांचा दाखला लागतो, दोन्हीवर अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. जन्मदाखल्याला आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, यात दीड-दोन महिने सहज जातात. भाषांतर इथून करून नेऊ नका, ते उरुग्वेतल्या नोंदणीकृत भाषांतरकाराकडूनच लागतं. आणि आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी". तो आधी नगरपालिकेतून दुरुस्त करून घ्या. मी १९८९ ची, माझ्या दाखल्यावर मुलगीच होतं.

८. लग्नानंतर माझं पूर्ण नाव बदललंय, त्याचं काय होतं?

हा प्रश्न फक्त मराठी आणि गुजराती बायका विचारतात आणि अगदी बरोबर विचारतात. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, कागदावर तर नाहीच. आपल्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव, म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. लग्नाचा दाखलासुद्धा अपोस्टिल करून न्या, आणि दाखल्यात लग्नाआधीचं नाव स्पष्ट आहे ना बघा. खिडकीपलीकडच्या बाईंना मी समजावत होते की मधलं नाव आधी वडिलांचं होतं, आता नवऱ्याचं आहे, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तुझं कुठलं?" पुढचा अर्धा तास आम्ही दोघी फॉर्म सोडून भलत्याच विषयावर बोललो.

पुरुषांना एवढा ताप नाही, पण आईचं माहेरचं आडनाव विचारतील, ते पाठ ठेवा.

९. मी शुद्ध शाकाहारी आहे. जगेन का?

जगाल, पण स्वयंपाक यायला हवा. प्रत्येक गल्लीत आठवड्यातून एकदा फेरिया भरते, म्हणजे आपला आठवडी बाजारच, रस्ता बंद करून, ठरलेल्या वारी. रविवारची त्रिस्तान नार्वाहाची फेरिया सगळ्यात मोठी, भाजीपासून जुन्या पुस्तकांपर्यंत आणि तुटक्या कुलपांपर्यंत काहीही. बटाटे, पालक, फ्लॉवर, वांगी, भोपळा मिळतो, कोथिंबीर कधी मिळते कधी नाही. भेंडी आणि मेथी विसरा. "सापाशितो" नावाचा छोटा गोल हिरवा भोपळा असतो, त्याची भाजी दुधीसारखी होते. "बोनियातो" म्हणजे रताळं, उपवासवाल्यांची सोय झाली. हरभरे, मसूर, राजम्यासारख्या शेंगा सगळीकडे.

बाहेर खायचं तर फायना. हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली पोळी, जेनोव्हाकडून आलेल्या इटालियन लोकांची देणगी, वर भरपूर मिरपूड. पहिला घास घेतला आणि मला पिठल्याच्या कढईला लागलेली खरवड आठवली. कडेचा तुकडा मागा, तो जास्त खरपूस. आणि तिथे नुसतं "पित्सा" मागितला तर चीज नसलेला येतो, चीज हवं तर "मुसारेला" म्हणायचं. महिन्याच्या २९ तारखेला सगळे न्योकी खातात, बटाट्याचे छोटे गोळे, ताटाखाली नोट ठेवून, पैसा टिकावा म्हणून. हा शाकाहारी माणसाचा हमखास दिवस, फक्त सॉस विचारून घ्या.

१०. "मांस नको" म्हटल्यावर ताटात हॅम आलं. असं का?

कारण "कार्ने" म्हणजे त्यांच्या डोक्यात बीफ. चिकन, हॅम, मासे हे त्यात धरत नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन नको सांगा.

पण खरी फसगत याहून पुढची आहे. पाऊस पडला की सगळा देश तोर्ता फ्रिता खातो, मैद्याची तळलेली पुरी, वर साखर, दिसायला इतकी निरागस की काही विचारावंसं वाटत नाही. पारंपरिक पद्धतीत ती गुरांच्या चरबीत तळतात आणि पिठातही चरबी असते. बेकरीतले बिस्कोचोही बरेचसे चरबीचे. "ग्रासा" शब्द लक्षात ठेवा, आणि "एस कॉन ग्रासा?" म्हणजे चरबीचं आहे का एवढं विचारायला शिका, लोक चिडत नाहीत. हे मला आठव्या महिन्यात कळलं. तोपर्यंत किती खाल्ल्या ते आईला सांगितलेलं नाही, आणि हे वाचून कोणी तिला सांगू नका.

११. आम्ही नॉनव्हेज खातो पण बीफ नाही. आसादोला बोलावलं तर काय करायचं?

जायचंच. आसादो म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर तीन-चार तास हळूहळू भाजणं, आणि जेवणापेक्षा ते भाजत उभं राहणं हाच कार्यक्रम. शुक्रवारी दुपारी बांधकामाच्या साइटवर मजूरसुद्धा लावतात. चिकन किंवा कोकराचं मटण असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी निखाऱ्यावरचं प्रोव्होलोन चीज, चीज भरलेली ढब्बू मिरची, आणि फॉइलमध्ये गुंडाळून राखेत पुरलेलं रताळं यावर पोट भरतं. आधी एकदा सांगून ठेवा, शेवटच्या क्षणी नको, कारण बिचारे मग धावत जाऊन तुमच्यासाठी काहीतरी आणतात आणि सगळ्यांचंच जेवण लांबतं. एकच जाळी असते, त्यावर शेजारी बीफ असणार. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी जेवून जा आणि गप्पांना बसा, कोणाला वाईट वाटत नाही.

१२. ते सगळे काखेत थर्मास घेऊन काय पित असतात? आणि एकाच नळीने?

माते. शेर्बाची पानं (लिहिताना येर्बा, उच्चार प्रश्न ३ प्रमाणे), भोपळ्याचा तुंबा, धातूची नळी, गरम पण न उकळलेलं पाणी. डाव्या काखेत थर्मास, त्याच हातात तुंबा, उजवा हात सगळ्या कामाला मोकळा. असे लोक सायकल चालवताना, बाळाची गाडी ढकलताना, मीटिंगमध्ये दिसतात. पानं बहुतेक ब्राझीलमधून येतात, उरुग्वेत फारशी पिकतच नाहीत, आणि तरी पिण्यात हे लोक सगळ्यांच्या पुढे.

आता उष्ट्याचं. होय, एकच नळी फिरते. एकजण भरतो, तुम्ही पूर्ण संपवून परत देता, तो परत भरून पुढच्याला देतो. ज्या घरात पाण्याचं भांडंसुद्धा वरून प्यायला शिकवलं त्या घरातली मी, पहिले सहा महिने "पोट बिघडलंय" सांगून टाळलं. कोविडनंतर बऱ्याच ऑफिसांत प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे टाळणं सोपंही झालंय. पण जवळच्या लोकांत पुढे केलेला तुंबा म्हणजे "ये, बस" असतं. घ्यायचा असेल तर दोन गोष्टी, नळी हलवायची नाही, आणि प्रत्येक वेळी "ग्रासियास" म्हणायचं नाही. ग्रासियास म्हणजे "पुरे, आता नको". मी सभ्यपणे पहिल्याच फेरीत म्हटलं आणि मग तासभर तुंबा माझ्या नाकासमोरून जात राहिला.

स्वतःचा थर्मास मी अकरा महिने घेतला नाही. दीड वर्षासाठी कशाला, असा हिशोब. त्याच हिशोबाने मी एकच पातेलं घेतलं होतं, पडदे लावले नव्हते आणि सुटकेस पलंगाखाली अर्धी भरलेली होती. शेजारच्या आजींनी एकदा विचारलं, "तू कधी येणार आहेस?" मी म्हटलं, आलेय की, वर्ष होत आलं. त्या म्हणाल्या, हो का, आणि आत गेल्या. त्या शनिवारी जाऊन थर्मास आणला.

१३. थंडी किती असते?

आकड्यात काही नाही, जुलैत सरासरी ११ अंशांच्या आसपास, बर्फ पडत नाही. पण दमट हवा, नदीवरचा वारा, आणि घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा. गॅसचा हीटर किंवा लाकडाची शेकोटी असते, सगळ्या घरांत नाही. घर बघताना "गरम कसं करता" हे विचारा, आणि दिशा (प्रश्न ६). ओल शोषणारं मशीन घ्या, पैसे वसूल होतात. लोकरीचे मोजे इथून न्यायची गरज नाही, मेंढ्यांचा देश आहे.

१४. नळाचं पाणी पिता येतं का?

एरवी हो, सगळे पितात. मात्र २०२३ मध्ये मोठा दुष्काळ पडला, मॉन्टेविडिओला पाणी देणारं पासो सेवेरिनो धरण तळाला गेलं आणि सरकारी पाणी कंपनीने त्यात रिओ दे ला प्लाताच्या मुखाजवळचं मचूळ पाणी मिसळलं. नळाला काही महिने चक्क खारट पाणी. चहा खारट, भात खारट. जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली, बाटलीबंद पाण्यावरचे कर काढले. ऑफिसातले लोक हादरले होते, त्यांच्या घटनेतच २००४ च्या सार्वमतानंतर पाणी हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलाय. मी मात्र पहिल्याच दिवशी दोन बादल्या आणि पिंपासारखा डबा आणला. टँकरच्या देशातून आलेल्या माणसाला हा एक विषय शिकवावा लागत नाही, मजल्यावरच्या चार घरांना पाणी कसं साठवायचं ते मीच दाखवलं.

१५. गणपती, दिवाळी वगैरे कसं करता?

करता येतं, फक्त आकाश उलटं असतं. दिवाळी वसंतात, सात वाजून गेले तरी उजेड, पणत्या लावायला अंधाराची वाट बघायची. संक्रांत कडक उन्हाळ्यात, आणि उत्तरायण लागलं की तिथे दिवस लहान होत जातो, तिळगुळामागचं सगळं शास्त्रच पालथं. कोजागरीला चंद्र उत्तरेकडे आणि त्यातला ससा डोक्यावर उभा. मी दूध आटवलं नाही, दुल्से दे लेचे दुधात ढवळलं, दूध साखर घालून तासन्तास आटवलेलाच पदार्थ तो, बासुंदीपेक्षा कुंद्याच्या जवळचा.

गणपतीला आम्ही वीस-बावीस जण जमायचो, शाडूची माती म्हणून कुंभारकामाच्या दुकानातली माती, विसर्जन बादलीत. नदीत करावं का असं कोणीतरी विचारतंच. नका करू. पण पाण्याला काही अर्पण करणं तिथे नवं नाही, २ फेब्रुवारीला रामिरेस किनाऱ्यावर येमान्हा या समुद्रदेवीसाठी हजारो लोक मेणबत्त्या, फुलं, कलिंगडं, निळ्या-पांढऱ्या छोट्या होड्या घेऊन येतात. मी पहिल्या वर्षी बघायला गेले आणि पंचगंगेच्या घाटावर उभी असल्यासारखी निमूट उभी राहिले.

सुट्टीच्या कॅलेंडरने गोंधळू नका. देश कडक धर्मनिरपेक्ष, चर्च आणि सरकार शंभर वर्षांपूर्वीच वेगळं केलंय, त्यामुळे २५ डिसेंबर अधिकृतपणे "कुटुंब दिन" आणि ईस्टरचा आठवडा "पर्यटन आठवडा". लोक नाताळच म्हणतात. १ मे ला जवळजवळ सगळं बंद, आदल्या दिवशी दूध-ब्रेड आणून ठेवा.

१६. मुलांच्या शाळेचं काय?

वर्ष मार्च ते डिसेंबर. आपलं जून ते एप्रिल, म्हणजे जाताना किंवा येताना अर्धं वर्ष कुठेतरी अडकणारच, मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. सरकारी शाळा फुकट, प्रार्थना नाही, पांढरा झगा आणि गळ्याला निळा मोठा बो, २००७ पासून सरकारी शाळेतल्या मुलांना लॅपटॉप देतात. लहान मूल असेल तर सरकारी शाळेचा विचार जरूर करा, स्पॅनिश तीन महिन्यांत येतं आणि मग तेच तुम्हाला फेरियात भाव करून देतं.

१७. आजारी पडलो तर?

नोकरी कायदेशीर असेल तर पगारातून आरोग्यनिधीला पैसे जातात आणि तुम्ही एक "मुतुआलिस्ता" निवडता, म्हणजे सभासद असलेलं हॉस्पिटलच. साध्या तपासणीला थोडेसे पैसे. इमर्जन्सी चांगली, स्पेशालिस्टची तारीख मात्र लांबची मिळते. दाताचं काम भारतात उरकून जा.

१८. पैसे उरतात का?

एक पेसो म्हणजे साधारण दोन रुपये. उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या देशांपैकी आहे, शाम्पू बघून डोळे पांढरे होतात. पगार तिथला मिळणार असेल तर जून आणि डिसेंबरमध्ये "आगिनाल्दो" म्हणजे दोन हप्त्यांत मिळून जादा एक महिन्याचा पगार येतो, शिवाय सुट्टीचा भत्ता, ते धरून हिशोब करा. नुसतं साठवायला म्हणून जाणार असाल तर निराशा होईल, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणीच ऐकत नाही.

१९. तिथे असताना पासपोर्ट संपला तर?

मी असेपर्यंत तरी मॉन्टेविडिओत आपला दूतावास नव्हता, काम अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सच्या दूतावासाकडे असायचं. ब्यूनस आयर्स बोटीने दोन-सव्वादोन तासांवर, पण तो दुसरा देश, त्याची प्रवेशपरवानगी वेगळी बघावी लागते. म्हणून पासपोर्टची किमान तीन वर्षं शिल्लक असतानाच निघा.

बोट उरुग्वेतल्याच कोलोनिया या जुन्या गावाहूनही सुटते, आणि कोलोनिया दोन दिवस राहून बघाच. पोर्तुगीजांनी १६८० मध्ये वसवलेलं, दगडी गल्ल्या, जाड भिंती, उतरती कौलं. पणजीच्या फोंतेन्यसमध्ये फिरलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल, धनी एकच होते.

२०. यलो फिव्हरची लस लागते का? उरुग्वेत तर तो ताप नाही म्हणे.

ताप नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. हा ताप असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत उरुग्वे नाही पण ब्राझील आहे, आणि परतीचं विमान खूपदा साओ पावलोवरून असतं. विमानतळाच्या आतच राहिलात तर सहसा सूट असते, पण तो निर्णय मुंबईतल्या अधिकाऱ्यावर. लसीचं कार्ड नसेल आणि तुम्ही मधे रिओला तीन दिवस फिरून आला असाल तर तुम्हाला वेगळं काढून ठेवू शकतात. लस भारतात ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, कार्ड आयुष्यभर चालतं. घेऊन टाका. माद्रिदवरून जाणार असाल तर हा प्रश्न येत नाही, पण मग युरोपातल्या शेंगेन देशांचे ट्रान्झिटचे नियम बघा.

२१. तिथे गांजा कायदेशीर आहे ना? (मित्रासाठी विचारतोय)

मित्राला सांगा, २०१३ चा कायदा आहे आणि २०१७ पासून औषधाच्या दुकानात मिळतो, पण फक्त नोंदणी केलेल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना. तात्पुरत्या परवान्यावाल्यांना नाही.

२२. तो जगातला सगळ्यात गरीब राष्ट्राध्यक्ष तिथलाच ना?

होसे मुहिका. २०१० ते २०१५ राष्ट्राध्यक्ष, शहराबाहेर शेतावर राहायचे, निळी जुनी बीटल गाडी, पगारातला मोठा हिस्सा देऊन टाकायचे. त्याआधी गनिमी चळवळीत होते आणि दहा वर्षांहून जास्त तुरुंगात. १३ मे २०२५ ला गेले, मी तोपर्यंत परत आले होते. व्हॉट्सअॅपवर त्यांच्या नावाने जे सुविचार फिरतात त्यातलं निम्मं त्यांनी कधी म्हटलेलं नसावं.

१९७३ ते १९८५ तिथे लष्करी राजवट होती. दर २० मे ला, १९९६ पासून, बेपत्ता झालेल्यांचे फोटो हातात धरून हजारो माणसं मुख्य रस्त्यावरून चालतात, घोषणा नाही, नुसत्या पावलांचा आवाज. त्या दिवशी तिथे असाल तर कडेला उभे राहा, आणि फोन खिशात ठेवा.

२३. एकटं वाटत नाही का?

वाटतं, आणि रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यात जास्त, कारण तो वेळ कुटुंबांचा असतो आणि शहर मिटून जातं. मी रांब्लावर चालायला लागले, पाण्याकाठचा २० किलोमीटरहून लांब रस्ता, समोर नदी आहे पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि पाणी तपकिरी.

एका रविवारी परतताना पालेर्मो भागात कोपऱ्यावर पुठ्ठे पेटवलेले दिसले आणि त्याभोवती दहा-पंधरा ढोल गोल मांडून ठेवलेले. चामडं तापवून ताणत होते. मी थांबलेच, कारण आमच्याकडे हलगी अशीच शेकतात, पेंढ्याच्या जाळावर. नंतर कळलं ते कांदोंबे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचं, चिको, रेपिके आणि पियानो असे तीन ढोल, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. एक हात उघडा, दुसऱ्यात काठी, आणि अख्खी गल्ली मागून चालत जाते. त्यांनी उचलले आणि निघाले, मीही मागून निघाले, भाजीची पिशवी हातात. फेब्रुवारीत याचाच मोठा कार्यक्रम, शामादास, असतो, आणि कार्निव्हल चांगला चाळीस दिवस चालतो. त्यात "मुर्गा" नावाचा प्रकार आहे, कोंबडीशी संबंध नाही, रंगवलेल्या तोंडाने वर्षभराच्या राजकारणाची टिंगल करणारं समूहगान. शब्द कळायला दोन वर्षं लागली. कळले तेव्हा परतीचं तिकीट आलं होतं.

२४. परत येताना काय आणू?

शेर्बाची दोन-तीन किलोची पाकिटं, दुल्से दे लेचेचे सीलबंद डबे चेक-इनमध्ये, लोकरीची एक शाल. तुंबा आणलात तर आठवड्यातून एकदा तरी वापरा आणि वापरून झाल्यावर कोरडा करून आडवा ठेवा, आपल्या पावसाळ्यात आठ दिवसांत बुरशी येते, माझा पहिला तसाच गेला. पातेलं, पडदे, हीटर मागच्यांना देऊन या, मी सगळं शेजारच्या आजींच्या नातीला दिलं.

थर्मास आणू का, जागा फार खातो, असं विचारतात. आणा. माझा रंकाळ्यावर सकाळी काखेत असायचा, लोक वळून बघायचे. असायचा म्हणजे, गेल्या महिन्यात आईने त्यात अळणी रस्सा भरून आत्याला दवाखान्यात पाठवला, थर्मास परत आला, झाकण अजून तिकडेच आहे.